स्टॅमफर्ड आणि बर्ली हाउस : शुक्रवारी बाजार, शनिवारी वाडा

वेलदोडा :

दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज लिहायला बसलेय. सांभाळून घ्या.

आईबाबा उन्हाळ्यासाठी माझ्याकडे इंग्लंडात, लेस्टरला आलेत. लंडन झालं, बाथ झालं. स्टोनहेंज बघून आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन दगडच बघायचे होते, तर ते आपल्याकडे काय कमी आहेत?" मग बाबांनी फर्मान काढलं की आता म्युझियमं बास, एखादं साधं गाव दाखव. बाबा वाईचे. त्यांच्या डोक्यात गाव म्हणजे नदी, नदीवर पूल, दोन-चार देवळं आणि पायी गाठता येईल असा बाजार. हे सगळं एका जागी देणारं म्हणून मी स्टॅमफर्ड काढलं. लेस्टरहून थेट गाडी आहे, पाऊण तासाच्या आत पोचवते. गावापासून मैल-दीड मैलावर बर्ली हाउस, म्हणजे जुना सरदारी वाडा. (स्पेलिंगमध्ये मध्येच जी आणि एच घुसलेत, पण म्हणायचं 'बर्ली' एवढंच.)

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते. शुक्रवारी गेलो. स्टेशनात उतरल्यावर ऊन छान होतं म्हणून म्हटलं आधी वाडा उरकू. सत्तरीच्या दोन माणसांना अर्धा तास चालवत नेलं आणि दारात कळलं की शुक्रवारी घर बंद! बाबा काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं, दहावीचा गणिताचा पेपर बघितला होता तसं. नशीब की भोवतालचं रान उघडं होतं आणि हरणांना शुक्रवारची सुट्टी नसते. ठिपकेवाली हरणं झाडाखाली रवंथ करत बसलेली, आम्ही त्यांच्यासमोर बसून डब्यातले धपाटे खाल्ले. मुक्काम गावातच होता, त्यामुळे वाडा शनिवारवर ढकलला आणि परत गावात आलो. तर तिथे शुक्रवारचा आठवडी बाजार भरलेला. म्हणजे चुकून का होईना, क्रम बरोबर लागला.

गावाबद्दल काय सांगू? अख्खं गाव एकाच दगडाचं आहे. चर्च त्याचं, बँक त्याची, चपलांचं दुकान त्याचं. रंग फिक्कट पिवळा, ढग आला की राखाडी, ऊन पडलं की लोण्यासारखा. आईनं एका भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "रवाळ आहे गं, कढवलेल्या तुपासारखा." मी पण जवळ जाऊन बघितलं. खरंच, दगडात बारीक बारीक गोल दाणे, एकमेकांना चिकटलेले. त्यानंतर दोन दिवस आई दिसेल त्या भिंतीला हात लावत होती.

वेलंड नदीवरचा पूल ओलांडला की चढावर 'जॉर्ज' नावाची जुनी खानावळ-सराई आहे. तिची पाटी दुकानावर नाही, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या तुळईवर आहे, थेट फाशीच्या खांबासारखी. म्हणे सज्जन प्रवाशाला स्वागत आणि वाटमाऱ्यांना इशारा. लंडन ते यॉर्क ते एडिंबरा हा जुना उत्तरेचा हमरस्ता इथूनच जायचा. घोडागाड्यांच्या भरात रोज वीस गाड्या वर आणि वीस खाली जायच्या. आत दाराच्या दोन बाजूंना दोन खोल्यांवर 'लंडन' आणि 'यॉर्क' असं अजून लिहिलेलं आहे, ज्या दिशेची गाडी त्या खोलीत बसायचं. बाबा खूश. "स्वारगेटला हे नाही जमलं अजून."

समोरच सेंट मार्टिन चर्च. आत विल्यम सेसिल झोपलेला आहे, म्हणजे त्याचा संगमरवरासारख्या दगडातला पुतळा, हातात खजिनदाराची पांढरी काठी. हाच बर्ली हाउस बांधणारा. पहिल्या एलिझाबेथचा कारभारी, १५५८ ला ती गादीवर आली तेव्हापासून १५९८ ला मरेपर्यंत चाळीस वर्षं. बाबा काठीकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा यांचा नाना फडणवीस." मी म्हटलं बाबा, प्लीज. पण रात्री झोपताना विचार केला तर फारसं चुकलेलं नव्हतं.

शनिवारी वाडा. १५५५ ते १५८७ असं बत्तीस वर्षं बांधकाम चाललं. लांबून बघितलं तर छतावर छोटंसं गावच वसलंय असं वाटतं. घुमट्या, मनोरे, आणि धुराडी साधी नाहीत, ग्रीक खांबांच्या जोड्या उभ्या कराव्यात तशी. आत सुरुवात होते जुन्या स्वयंपाकघरापासून. आईचा अर्धा तास तिथेच. उंच दगडी कमानीचं छत, भिंतीवर अडीचशेच्या वर तांब्याची भांडी, सगळी लखलखीत. आई तिथल्या बाईंना विचारत होती, कल्हई कोण करतं? चिंच लावता का? (भाषांतर मी.) बाई बिचाऱ्या गोंधळल्या, पण नंतर दोघींनी एकमेकींना टोपाच्या कडा दाखवल्या. भिंतीवर कासवांच्या कवट्या पण आहेत, सूपवाल्या कासवांच्या. त्या मी आईला दाखवल्या नाहीत, संकष्टी होती.

मग वर दिवाणखान्यांमागून दिवाणखाने. शेवटी 'स्वर्गाची खोली'. अंतोनिओ व्हेरिओ नावाच्या इटालियन चित्रकारानं १६९० च्या दशकात भिंती आणि छत मिळून एकसंध रंगवली आहे. कोपरे कुठे आहेत तेच कळत नाही, देवदेवता खांबाआडून अंगावर पडतायत असं वाटतं. त्यातच एका कोपऱ्यात लोहारखान्यात केसांचा टोप न घातलेला, टकला असा चित्रकार स्वतः बसलाय. आणि या खोलीतून बाहेर पडलं की पुढे काय, तर 'नरकाचा जिना'. छतावर नरक. म्हणजे स्वर्गातून खाली यायची वाट नरकातूनच. आई कठड्याला धरून एक एक पायरी उतरताना म्हणाली, "गुडघ्यांना आधीच माहीत होतं."

घर भारी आहेच. पण खरं सांगू? मला परत जावंसं वाटतंय ते गावात. वाड्यात माणूस मान वर करून चालतो, मला मान दुखली. गावात कोणी काही दाखवत नव्हतं आणि तरी सगळं दिसत होतं. एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला : एवढं मोक्याच्या रस्त्यावरचं गाव, मग ते वाढलं का नाही? जाणकारांनी सांगा.


चहाबाज :

पहिला! (सवय.)
मस्त लिहिलंय. गणिताच्या पेपराला फुटलो. फोटो कुठायत?


वेलदोडा :

तीनदा चढवले, तीनदा पान लटकलं. परत बघते.


खवचट_काका :

लेख छान. पण एक शंका. अडीचशे तांब्याची भांडी, इटालियन चित्रं, बत्तीस वर्षं बांधकाम. पैसा कोणाचा? आपलाच ना शेवटी?


चुनखडी :

काका, या घरापुरतं तरी नाही. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच १६०० सालची, सेसिल त्याआधी दोन वर्षं गेला. त्यानं स्वतःच्याच लोकांना लुटलं असं म्हणा हवं तर. तो १५६१ पासून मरेपर्यंत 'कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स'चा प्रमुख होता. जहागीरदार वारला आणि वारस अज्ञान असला की त्याचं पालकत्व सरकारकडे जायचं, आणि सरकार ते विकायचं. विकत घेणाऱ्याला पोरगं मोठं होईस्तो जमिनीचं उत्पन्न आणि लग्न ठरवायचा हक्क. या खात्याच्या मुखत्याराकडे काय काय चालत येत असेल ते तुम्हीच ताडा.

चित्रं वगैरे आली शंभर वर्षांनंतर. याच घराण्यातला पाचवा अर्ल (म्हणजे सरदार) आणि त्याची बायको इटलीत हिंडून गाडाभर चित्रं आणायचे आणि व्हेरिओसारख्याला वर्षानुवर्षं पोसायचे. १७०० मध्ये अर्ल मेला तो कर्ज ठेवून. चिनी-जपानी भांडी मात्र नीट बघा, १६८८ च्या घरातल्या यादीत जपानी चिनीमातीची नोंद आहे, युरोपात इतक्या जुन्या नोंदी फारशा नाहीत. टिपूच्या वस्तू बघून रक्त तापवायचं असेल तर वेल्समध्ये पोविस किल्ल्यावर जा, क्लाइव्हच्या घराण्यानं जमवलेल्या वस्तूंत टिपूचा तंबूसुद्धा आहे.


खवचट_काका :

रक्त तापवायला एवढा प्रवास कशाला, वीजबिल आलंय आजच. पण माहितीबद्दल धन्यवाद. अनाथ पोरांच्या पैशाचा वाडा तर.


तांबडा_पांढरा :

कुणी सांगितलं न्हाई म्हणून मी सांगतो. ह्या बर्लीचा आणि आमच्या कराडचा संबंध आहे!

ह्याच घराण्यातला डेव्हिड सेसिल, तेव्हाचा लॉर्ड बर्ली. १९२८ ला ॲमस्टरडॅमला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सोनं. सराव करताना अडथळ्यांवर काड्यापेट्या ठेवायचा म्हणे, काडेपेटी पडली पाहिजे पण अडथळा हलला नाही पाहिजे. आणि हाच गडी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा अध्यक्ष. आता १९४८ ला लंडनला कोण गेलतं? खाशाबा जाधव! गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला, लाल मातीतला गडी पहिल्यांदा गादीवर खेळला आणि तरी सहावा आला. पुढं १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

म्हणजे बर्लीच्या आखाड्यात आमचा खाशाबा उतरलावता. आता वाडा बघायला गेलो की छाती काढून जाणार.


वेलदोडा :

अरे!! त्याच्या ऑलिंपिकच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत, आम्ही त्यांच्यासमोरून गेलो आणि मला हे सुचलंच नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. त्यांच्या काकांनी खाशाबांना प्रत्यक्ष बघितलं होतं, आता ती गोष्ट आज चौथ्यांदा होणार.

तिथली एक गंमत मात्र लक्षात राहिली. म्हातारपणी या डेव्हिडरावांचा खुब्याचा सांधा बदलला होता. तो झिजून काढावा लागल्यावर त्यांनी तो टाकला नाही, आपल्या रोल्स रॉईसच्या बॉनेटवर शोभेला बसवला.


तांबडा_पांढरा :

पैलवानच की!


चुनखडी :

मूळ प्रश्नाकडे येतो. (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्या भागात दोन वर्षं होतो, म्हणून जरा लांबण लागेल.)

आधी आईंना दंडवत. त्या दगडाला 'उओलाइट' म्हणतात, म्हणजेच अंड्यांचा दगड, माशाच्या गाबोळीसारखे दाणे म्हणून. उथळ, कोमट समुद्रात वाळूच्या कणाभोवती चुन्याचे पापुद्रे चढत गेले की असे दाणे होतात. आजूबाजूला बार्नॅक, केटन, क्लिपशम अशा नावाजलेल्या खाणी. पण गावात जाऊन लोक भिंती बघतात आणि छपरं बघत नाहीत, हे माझं जुनं दुखणं. ती छपरं कॉलीवेस्टनची. कॉलीवेस्टन हे जवळचंच गाव. तिथला चुनखडीचा दगड ओंडक्यासारखा बाहेर काढायचा, हिवाळाभर उघड्यावर टाकायचा आणि सतत ओला ठेवायचा. थरांमधलं पाणी थंडीनं गोठतं, फुगतं आणि दगड आपोआप पदर सुटल्यासारखा उलगडतो. मग हातोडीनं टिचक्या मारत फरश्या सोडवायच्या. छपरावर लावताना मोठ्या फरश्या खाली वळचणीला, आणि वर जाल तशा लहान लहान. खालून बघितलं की छप्पर आहे त्यापेक्षा उंच वाटतं. हल्ली हिवाळ्यांचा भरवसा राहिला नाही म्हणून मोठ्या फ्रीझरमध्ये घालून तेच करतात. आम्ही एकदा फरशी कानाजवळ धरून वाजवायला शिकलो होतो. चांगली असेल तर टण्ण वाजते, मडक्यासारखी.

आता गाव वाढलं का नाही. गावात सगळे सांगतात की लॉर्डसाहेबांनी रेल्वे येऊ दिली नाही, म्हणून उत्तरेची मुख्य लाइन १८५० च्या सुमारास पीटरबरोवरून गेली. ऐकायला झकास, पण अर्धवट आहे. पीटरबरोची सपाट जमीन रेल्वेला सोयीची होती हेही खरं. माझ्या मते खरी मेख दुसरी. गावाच्या उत्तरेला सामाईक शेतं होती, मोकळी, वाटणी न झालेली. ती वाटून प्लॉट पाडल्याशिवाय घरं बांधता येत नव्हती. आणि गावाच्या खासदारकीच्या जागा सेसिल घराण्याच्या खिशात होत्या. नवी घरं म्हणजे नवे मतदार, नवे मतदार म्हणजे डोकेदुखी. त्यामुळे ती वाटणी थेट १८७० च्या दशकापर्यंत लांबली, म्हणजे गुप्त मतदान सुरू झाल्यावर. तोपर्यंत कारखाने, कामगार, चाळी सगळं पीटरबरोला गेलेलं. स्टॅमफर्डची गळचेपी झाली आणि त्यामुळेच ते आपल्याला बघायला मिळतंय. १९६७ मध्ये इंग्लंडात पहिलं 'संवर्धन क्षेत्र' जाहीर झालं ते हेच गाव. सहाशेच्या वर इमारती संरक्षित यादीत.


चहाबाज :

म्हणजे मताच्या भीतीनं गाव वाचलं! आमच्याकडे मतासाठी डोंगर पण प्लॉट पाडून विकतात.


वेलदोडा :

चुनखडी, मनापासून आभार. छपरं मी खरंच बघितली नाहीत. म्हणजे ज्या घराण्याचा वाडा बघायला गेलो त्याच घराण्यानं गाव बाटलीत बंद करून ठेवलं तर. 'गाव साधं राहिलं' म्हणून मी कौतुक करत होते, आता जरा अडखळायला होतंय. तेव्हाच्या गावकऱ्यांना पीटरबरोच हवं असणार.


चुनखडी :

हवं असणारच. आणि तरी तिथल्या रस्त्यावर उभं राहिलं की मला आनंद होतो, काय करू? अजून एक : १९६० साली गावाबाहेरून नवा रस्ता झाला, तोवर उत्तर-दक्षिणेची सगळी ट्रक वाहतूक त्या फाशीच्या तुळईखालून जात होती. तेव्हाच्या गावाला 'निवांत' म्हणाला असतात तर लोक हसले असते.


मांडवीकाठ :

गोव्यातून नमस्कार. सेसिलचं नाव वाचून राहवलं नाही.

ज्याला आपण मराठीत फादर स्टीफन्स म्हणतो, 'क्रिस्तपुराण'कार, तो इंग्रजच. थॉमस स्टीफन्स. विल्टशायरचा. सेसिल कारभारी असतानाच्या इंग्लंडात कॅथलिक राहणं जिकिरीचं झालं होतं, त्याचा जिवलग मित्र तुरुंगात पडला, हा रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात शिरला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं साष्टीत. १६१६ साली राशोलला त्याचं पुराण छापून झालं, ओव्यांमध्ये. मराठीला फुलांतली मोगरी म्हणणारा माणूस.

आता दुसरं टोक बघा. १५८३ मध्ये एलिझाबेथ राणीचं अकबराला लिहिलेलं पत्र घेऊन राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी आणि मंडळी निघाली. त्यांना पोर्तुगीजांनी होर्मुझला पकडून गोव्यात कोंडलं. जामिनासाठी धडपड कोणी केली? याच स्टीफन्सनं. राणीच्या धर्माला कंटाळून देश सोडलेला माणूस राणीच्या माणसांना सोडवतो, आणि त्या वेळी तिकडे खजिनदाराच्या खुर्चीवर तुमचा तो पांढऱ्या काठीवाला. वाड्याचं काम चालूच होतं अजून, १५८७ उजाडायचं होतं.

मला तो वाडा बघायला कधी मिळेल माहीत नाही. राशोलला मात्र गाडीनं तासाभरात पोचतो.


पुस्तकी_किडा :

+१ मांडवीकाठ. सुरेख.

वेलदोडा, तुम्ही एक दार चुकवलंत बहुतेक. १३३३ मध्ये ऑक्सफर्डचे काही विद्यार्थी-शिक्षक भांडून स्टॅमफर्डला आले आणि इथेच विद्यापीठ थाटायला बसले. ऑक्सफर्डनं राजाकडे रड लावली, तिसऱ्या एडवर्डनं सगळ्यांना हाकललं. पण ऑक्सफर्डनं असा धसका घेतला की पुढे १८२७ पर्यंत पदवी घेणाऱ्याला शपथ घ्यावी लागायची, मी स्टॅमफर्डमध्ये शिकवणार नाही! जवळजवळ पाचशे वर्षं. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा पितळी कडीवाला मुखवटा पण इथल्याच एका दारावर राहिला होता. कॉलेजनं १८९० साली तो परत मिळवण्यासाठी अख्खं घर विकत घेतलं. आता दारावर आहे ती नक्कल.

आणि वाड्यातल्या सारा हॉगिन्सची गोष्ट सांगितली का कोणी? हेन्री सेसिल, पुढचा दहावा अर्ल. बायको पळून गेली, कर्ज झालं, म्हणून खेड्यात 'मिस्टर जोन्स' बनून लपला. तिथल्या शेतकऱ्याची पोर आवडली. पहिल्या बायकोशी घटस्फोट व्हायच्या आधीच तिच्याशी लग्न केलं, मग १७९१ मध्ये रीतसर पुन्हा केलं. १७९३ ला काका वारले आणि शेतकऱ्याची पोर एकदम बर्लीची मालकीण. टेनिसननं यावर कविता केली, त्यात बिचारी मानाच्या ओझ्यानं झुरून मरते. प्रत्यक्षात १७९७ मध्ये बाळंतपणानंतर गेली, तेवीस-चोवीस वर्षांची.


खवचट_काका :

कवितेत झुरून मेली की वाचकाला बरं वाटतं. बाळंतपण म्हटलं की दवाखाना आठवतो.


सोनसाखळी :

पुढच्या महिन्यात सासूसासरे येतायत, वाचनखूण साठवली. काही रोखठोक प्रश्न :
लंडनहून कसं जायचं? आमच्याकडे नॅशनल ट्रस्टचं (जुने वाडे सांभाळणारी संस्था) वार्षिक सदस्यत्व आहे, ते चालेल का? सासूबाईंना चढाउतार जमत नाही. आणि शाकाहारी काय मिळतं?


वेलदोडा :

लंडनहून किंग्ज क्रॉस ते पीटरबरो पन्नासेक मिनिटं, तिथे गाडी बदलून स्टॅमफर्ड पंधरा मिनिटं.

ट्रस्टचं कार्ड चालत नाही. बर्ली नॅशनल ट्रस्टकडे नाही, घराण्यानं केलेल्या वेगळ्या विश्वस्त निधीकडे आहे. हिवाळ्यात घर बंद असतं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे घोडेस्वारीच्या मोठ्या स्पर्धा होतात (१९६१ पासून), त्या दिवसांत गर्दीच्या वाटेलाही जाऊ नका. वार बघून घ्या हो, माझं बघून तरी.

चढाउतार आहे. दिवाणखाने वरच्या मजल्यावर, खाली येताना तो नरकाचा जिना. आधी फोन करून विचारा, आमची आई हट्टानं चढली. गावात नदीपासून वर येणारा चर्चकडचा रस्ताही खडा आहे. सासूबाईंना नदीकाठच्या कुरणात बाकावर बसवा, बदकं येतात, वेळ मजेत जातो.

शाकाहाराचं म्हणाल तर बाजारात चीजवाला भेटेल, जवळच्या परगण्यांतलं स्टिल्टन घेऊन. निळी बुरशी बघून बाबा म्हणाले, "हे आपण टाकून देतो." लिंकनशायरचा मनुकांचा पाव मिळतो, तो लोणी लावून खा, छान लागतो. सॉसेजच्या गाड्यावर मात्र विचारू पण नका, सगळं डुकराचं.

आणि उपास असला तर जॅकेट पोटॅटो. यावर आमच्यात वाद झाला. आईचं म्हणणं, बटाटा चालतो पण ज्या भट्टीत सॉसेज भाजलं त्याच भट्टीत भाजलाय का? मी जाऊन विचारून आले. मुलगी म्हणाली, मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हवर शास्त्रात काही नाही, म्हणून खाल्ला. मीठ साधंच होतं, तेवढं आईनं देवाला सांगून ठेवलं.


चहाबाज :

संकष्टी आणि जून महिना, इंग्लंडात?? चंद्र कधी उगवला?


वेलदोडा :

तेच तर. सांगते नंतर, आता मुलीला आणायला जायचंय.


कृष्णामाई :

तुमचे बाबा वाईचे म्हणून विचारते, नाना फडणवीस म्हणाले ते मेणवलीवरूनच ना? मला तर फारच पटलं. राजधानीपासून लांब, नदीकाठी, कारभाऱ्याचा वाडा. मेणवलीतही नानांचं दप्तर निघालं, सेसिलचीही कागदपत्रं ढिगानं शिल्लक आहेत. दोघंही कागद जपणारे. मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेली चर्चची घंटा टांगलेली आहे, ती चिमाजीअप्पांच्या मोहिमेची, १७३९ ची.


खवचट_काका :

आलाच मेणवलीचा वाडा. आता कोणीतरी घाशीराम कोतवाल काढा म्हणजे धागा शंभरी गाठेल.

फरक पण सांगा की. सेसिलच्या दोन मुलांपासून दोन घराणी झाली, दोन्ही अजून नांदतायत. नानांना मूलबाळ टिकलं नाही.


वेलदोडा :

हो, मेणवलीवरूनच. बाबा म्हणतायत, "काकांना सांग, वाडा मात्र नानाचाही उभा आहे आणि तिथे तिकिटाला एवढे पाउंड पडत नाहीत."


मेंढीकोट :

डॅनियल लँबर्ट राहिला! वेलदोडा, तुम्ही लेस्टरच्या म्हणून विचारतो. तो तुमच्याच गावचा ना?


वेलदोडा :

राहिलाच की. हो, लेस्टरचा, तुरुंगाचा रखवालदार. वजन ५२ स्टोन ११ पौंड, म्हणजे साधारण ३३५ किलो. लोक तिकीट काढून त्याला बघायला यायचे. १८०९ च्या जूनमध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी स्टॅमफर्डला आला आणि तिथल्या दुसऱ्या एका सराईतच गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी. बाहेर काढायला खिडकी आणि भिंत फोडावी लागली, शवपेटीला चाकं लावली होती, आणि वीस माणसांना ती खड्ड्यात उतरवायला अर्धा तास लागला. सेंट मार्टिनच्या आवारात काळ्या पाटीच्या दगडाची समाधी आहे. सेसिल आत संगमरवरी बिछान्यावर, हा बाहेर गवतात. आई म्हणाली, त्याला रोज तिकीट लावून बघणारे काय वेगळे, आपण पण तेच करतोय. मग आम्ही फोटो काढला नाही.


सोनसाखळी :

जाऊन आलो, शनिवारी! सासूबाई वर आल्या नाहीत, हरणांसमोर बसल्या आणि दोन तासांत एका आजीशी दोस्ती करून विणकामाचा टाका शिकून आल्या, कोणती भाषा वापरली देव जाणे. आम्ही स्वर्ग-नरक केलं. वेलदोडा, तुम्ही एक सांगितलं नाहीत : नरकाच्या छतावर नरकाचं दार म्हणजे एका भल्यामोठ्या मांजराचा आ वासलेला जबडा आहे! मुलानं बरोबर ओळखलं. आमच्या घरी मांजर आहे, आल्यापासून तो तिच्या तोंडात बघतोय.

चुनखडींच्या सांगण्यावरून छपरं पण बघितली. खाली मोठी, वर लहान, अगदी तशीच.


वेलदोडा :

मांजर!! मी जिना उतरताना आईचे पाय बघत होते, वर बघितलंच नाही. म्हणजे परत जायला कारण मिळालं.


चहाबाज :

ताई, चंद्र?


वेलदोडा :

हो हो. त्या दिवशी सातच्या गाडीनं लेस्टरला परत आलो. सूर्य साडेनऊला मावळला, तोही अनिच्छेनंच. चंद्रोदय पंचांगात साडेअकराच्या पुढे. बाबा अंथरुणात. आई आणि मी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो, आईच्या अंगावर माझा हिवाळी कोट. पावणेबारा झाले तरी काही नाही, कारण पूर्वेला शेजाऱ्यांचं घर. मग आई उठली, कुंपणाशी जाऊन उजवीकडे सरकली, अजून थोडी सरकली, आणि म्हणाली, "ये इकडे, धुराड्यांच्या मधे बघ."

आरती हळू आवाजात केली, शेजारी झोपले होते. मोदक नव्हते. सकाळी बाजारातून आणलेला मनुकांचा पाव होता, त्याचा नैवेद्य झाला.